लक्ष्मीपूजनाला उजळलेला रुपया : साफ केलेले जुने नाणे कसे ओळखावे

महाराष्ट्रात अनेक घरांतल्या देव्हाऱ्यात किंवा कपाटाच्या आतल्या खणात राणी छाप नाहीतर राजा छाप चांदीचे दोन-चार रुपये जपून ठेवलेले असतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते बाहेर निघतात, चिंचेच्या कोळाने, राखेने, रांगोळीने किंवा अलीकडे टूथपेस्टने घासले जातात, पंचामृताने न्हातात, हळदकुंकू लावून घेतात आणि वर्षभरासाठी पुन्हा डबीत जातात. पूजेच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे नाही. मात्र अशा पन्नास-साठ दिवाळ्या पाहिलेला रुपया संग्राहकाच्या हाती येतो तेव्हा त्याची मूळ कातडी कधीच निघून गेलेली असते, आणि एकदा गेलेली ती कातडी कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणूनच साफ केलेल्या नाण्याला, त्यावरची अक्षरे कितीही ठळक असली तरी, न घासलेल्या नाण्यापेक्षा कमी किंमत मिळते. दुर्मीळ सालाच्या नाण्यात तर हा फरक कित्येक पटींचा असू शकतो.

नव्या संग्राहकाची खरी अडचण सवयीची असते. भांडे लखलखले म्हणजे स्वच्छ, दागिना उजळला म्हणजे चांगला, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. त्यामुळे पहिली काही नाणी आपण लखलखाट पाहूनच विकत घेतो. मीही तशीच घेतली होती. पुढे दिलेल्या पायऱ्या मुख्यतः ब्रिटिश अमदानीतल्या कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेल्या, चांदीच्या आणि तांब्याच्या नाण्यांसाठी आहेत. शिवराईसारख्या हाताने पाडलेल्या नाण्यांचा विचार त्या त्या ठिकाणी वेगळा केला आहे.

पहिली पायरी : उजेड आणि हाताळणी

ट्यूबलाइटच्या किंवा ढगाळ दिवसाच्या पसरट उजेडात कोणतेही नाणे बरे दिसते. तपासणीसाठी खोलीतले बाकीचे दिवे बंद करून टेबलावर एकच दिवा ठेवावा, आणि त्याचा प्रकाश पसरट नसून एका जागेवरून येणारा असावा. सोनार वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ असावे, पण सुरुवात साध्या डोळ्यांनीच करावी, कारण भिंगातून एकेक तुकडा पाहताना संपूर्ण पृष्ठभाग एकसारखा आहे की नाही हे कळत नाही. नाणे नेहमी कडेने, दोन बोटांच्या चिमटीत धरावे आणि खाली मऊ जाड कापड अंथरावे. पृष्ठभागावर टेकवलेल्या अंगठ्याचा ठसा, विशेषतः तांब्यावर, काही महिन्यांनी तपकिरी रंगात उमटतो आणि मग तो जात नाही.

वजनकाटा जवळ असावा, परंतु त्याचे काम निराळे आहे. 1835 पासूनच्या प्रमाण रुपयाचे वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम असते. त्यावरून नकली नाण्याचा संशय येऊ शकतो. घासल्यामुळे गेलेला धातू मात्र इतका थोडा असतो की तो साध्या झिजेपासून वेगळा काढता येत नाही.

दुसरी पायरी : न घासलेले नाणे कसे दिसते ते शिकणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि बहुतेक जण नेमकी हीच वगळतात. टांकसाळीत चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते तेव्हा धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहून जातात. नव्या नाण्याला जी चमक असते ती या रेषांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते. म्हणून असे नाणे दिव्याखाली हळूहळू फिरवले की प्रकाशाचे पट्टे मध्यबिंदूभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. संग्राहक याला लस्टर म्हणतात. घासून आणलेली चमक अशी फिरत नाही. ती आरशासारखी एकाच जागी लकाकते किंवा सगळीकडे सारखीच फिकट पांढरी दिसते. चमक किती आहे यापेक्षा ती कशी हलते हे पाहण्याची सवय लागली की निम्मे काम झाले असे समजावे.

वापरातल्या नाण्यावर हा लस्टर आधी उंच भागांवरून जातो. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर तो गाल, केस आणि मुकुट यांवरून प्रथम नाहीसा होतो आणि अक्षरांच्या आडोशाला, जिथे बोटे पोचत नाहीत तिथे, सर्वांत शेवटपर्यंत टिकतो. खूप फिरलेल्या नाण्यावर लस्टर उरत नाही, पण एक सुसंगत रंगक्रम उरतो : मोकळी जागा राखाडी, उंचवटे किंचित उजळ आणि अक्षरांचे कोपरे काळसर.

चांदीचा रंग बदलतो तो हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. त्यांच्याशी संयोग होऊन चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. थर अगदी पातळ असताना तो फिकट सोनेरी दिसतो, मग तांबूस-जांभळा, मग निळा, आणि जाड झाल्यावर काळा. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात जसे रंग दिसतात तसेच हे रंग थराच्या जाडीमुळे निर्माण होतात. त्यामुळे नैसर्गिक रंगछटा बहुधा कडेकडून मध्याकडे, एकीतून दुसरी अशी हळूहळू मिसळत जाते. कागदी पाकिटात किंवा पुठ्ठ्याच्या डबीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या नाण्यांवर ती सुरेख येते.

धातूचे प्रमाणही लक्षात ठेवावे लागते. 1835 पासून 1939 पर्यंतच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आहे. 1940 ते 1945 च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात मात्र चांदी निम्मीच असून 40 टक्के तांबे आणि प्रत्येकी 5 टक्के निकेल व जस्त आहे. या दोन प्रकारांचा रंग सारखा असावा अशी अपेक्षा केल्यास चांगले नाणेही संशयास्पद वाटू लागते. गोव्यातल्या घरांतून निघणारा 1881 चा पोर्तुगीज रुपिया वजनाने आणि चांदीच्या प्रमाणाने ब्रिटिश रुपयासारखाच असल्यामुळे त्याला वरचेच निकष लागू पडतात.

सरावासाठी महाग नाणे नको. पाचव्या जॉर्जचे 1916 ते 1920 या सालांतले रुपये मुबलक आहेत. त्यांतला एक काळवंडलेला, कोणी हात न लावलेला, आणि एक उघडपणे घासलेला असे दोन शेजारी ठेवून आठवडाभर रोज पाच मिनिटे पाहावेत. याहून उत्तम धडा म्हणजे सराफाकडून पूजेचे पाच ग्रॅमचे नवे नाणे आणून त्याच्या अर्ध्या भागावर चिकटपट्टी लावावी आणि उरलेला अर्धा भाग टूथपेस्टने दहा-बारा वेळा घासून दिव्याखाली धरावा. जे दिसेल ते डोळा आयुष्यभर विसरत नाही.

तिसरी पायरी : रेघांचा शोध

कापडाने, राखेने, रांगोळीने किंवा पेस्टने पुसलेल्या नाण्यावर केसासारख्या बारीक रेघा उमटतात. संग्राहकांच्या बोलण्यात त्यांना हेअरलाइन म्हणतात. समोरून सरळ पाहिल्यास त्या दिसत नाहीत. नाणे दिव्याकडे थोडे कलते करावे आणि एक पूर्ण फेरी होईल इतके सावकाश फिरवावे. एखाद्या ठराविक कोनात रेघांचा पूर्ण जुडगा एकदम चमकून उठतो आणि पुढच्या क्षणी नाहीसा होतो. दोन्ही बाजू अशाच तपासाव्यात, कारण पुष्कळ घरांत चेहऱ्याची बाजू जास्त घासलेली असते.

आता प्रत्येक रेघ म्हणजे साफसफाई नव्हे, आणि इथेच नवखा माणूस दोन्ही दिशांनी फसतो. खिशात, थैलीत आणि गल्ल्यात फिरलेल्या नाण्यावर ओरखडे असतातच. पण ते लहानमोठे, आडवेतिडवे आणि विखुरलेले असतात. घासण्याच्या रेघा मात्र घासणाऱ्या हाताची दिशा सांगतात : त्या एकमेकींना समांतर असतात किंवा बोट गोल फिरवले असल्यास वळणदार चकल्यांसारख्या दिसतात.

दुसरा गोंधळ ठशाच्या रेघांचा. टांकसाळीत ठसा घासून गुळगुळीत करताना त्यावर खोलगट रेघा पडतात, आणि त्या ठशातून पाडलेल्या नाण्यावर त्याच रेघा उठावदार होऊन येतात. त्यामुळे भिंगातून पाहताना तीन प्रश्न विचारावेत. रेघ उठावाची आहे की कोरलेली? उठावाची असेल तर ती टांकसाळीची आणि निर्दोष. रेघ राणीच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबते, की मोकळ्या जागेतून सरळ गालावर चढून पलीकडे उतरते? ठशावर चेहरा खोलगट असतो, तिथे पॉलिश पोचत नाही, म्हणून टांकसाळीची रेघ बहुधा चेहऱ्याच्या कडेलाच थांबते. घासणाऱ्याचे बोट मात्र उंचसखल न पाहता पुढे जाते. आणि तिसरा, रेघ रंगाच्या थरावर आहे की थराखाली? थराखाली असेल तर नाणे पूर्वी कधीतरी घासले गेले आणि त्यानंतर त्यावर पुन्हा काळवंड चढली, असा त्याचा अर्थ होतो. ही जुनी साफसफाई अनेक संग्राहक कमी गंभीर मानतात. माझ्या मते ते रास्त आहे, फक्त विकणाऱ्याने ती सांगायला हवी.

चौथी पायरी : अक्षरांचा आडोसा

भिंग अक्षरांच्या पायथ्याशी न्यावे. घासताना बोट किंवा कापड अक्षरांच्या कोनाकोपऱ्यांत शिरत नाही, त्यामुळे मोकळी जागा पांढरीशुभ्र आणि प्रत्येक अक्षराभोवती मात्र काळसर कडे, असे चित्र दिसते. न घासलेल्या जुन्या नाण्यातही अक्षरांजवळ काळे असते, पण तिथे मोकळी जागाही राखाडी असते आणि एका रंगातून दुसऱ्यात जाणारी पायरी मऊ असते. घासलेल्या नाण्यात ती एकदम तुटते. त्या कोपऱ्यांत कधी पांढरी पूड सापडते. ती वाळलेल्या पेस्टची असते. लालसर कण दिसले तर ते कुंकवाचे, आणि मग त्या रुपयाची हकीकत वेगळी सांगावी लागत नाही.

फिरत्या तारेच्या ब्रशने घासलेले नाणे याहून फसवे असते, कारण असा ब्रश खोट्या लस्टरसारखी चकाकी आणतो. दिव्याखाली फिरवल्यास ती चकाकी मध्याभोवती फिरत नाही. ब्रशमुळे वरचा धातू अक्षरशः ढकलला जातो आणि अक्षरांच्या एका बाजूला बारीक कंगोऱ्यासारखा साचतो. भिंगातून हा कंगोरा दिसला की पुढे काही पाहायचे उरत नाही.

पाचवी पायरी : झीज आणि रंग यांचा मेळ

नाण्याची झीज आणि त्याचा रंग एकमेकांना दुजोरा देतात का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. ज्या रुपयावर राणीचे केस सपाट झाले आहेत आणि मुकुटाची नक्षी पुसली गेली आहे, तो अनेक दशके हातोहात फिरला आहे. असे नाणे दुधासारखे पांढरे असूच शकत नाही. पांढरे असेल तर ते कोणीतरी केलेले आहे.

सराफांकडे मिळणाऱ्या चांदी उजळण्याच्या द्रावणात नाणे बुडवले, म्हणजे संग्राहकांच्या भाषेत डिप केले, तर रेघा उमटत नाहीत. म्हणून ही साफसफाई ओळखायला सर्वांत कठीण. द्रावण काळ्या थराबरोबर त्याखालची थोडी चांदीही खाते. एकदा आणि क्षणभर बुडवून लगेच धुतलेले टवटवीत नाणे कित्येकदा जाणकारांच्याही नजरेतून सुटते. वारंवार किंवा बराच वेळ बुडवले तर मात्र त्या मूळ सूक्ष्म रेषाच विरघळतात आणि नाणे धुवून धुवून विटलेल्या कापडासारखे निस्तेज होते : पांढरे, पण निर्जीव. नीट न धुतलेल्या द्रावणाचे पिवळसर-तपकिरी डाग अक्षरांच्या आसपास काही महिन्यांनी उमटतात. अॅल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा आणि गरम पाणी हा घरगुती उपाय काळ्या थरातली चांदी पुन्हा चांदीत बदलतो, म्हणून तो निरुपद्रवी आहे असे ठामपणे सांगितले जाते. पण ती चांदी मूळ जागी, मूळ घडणीत परतत नाही आणि पृष्ठभाग मंद दिसतो. नाण्यावर तो करू नये.

सहावी पायरी : तांब्याची नाणी

तांब्याच्या बाबतीत निर्णय सोपा आणि शिक्षा कडक असते. पाव आणा, पै किंवा शिवराई यांचा मूळ ताजा रंग तांबूस असला तरी तो हवेत फार काळ टिकत नाही. आधी तपकिरी, मग चॉकलेटी आणि जमिनीत पुरलेल्या नाण्यांवर हिरवा थर येतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, कारण आंबट पदार्थ धातू विरघळवतो. चिंच आणि लिंबू नाण्यावर हेच करतात. त्यातली आम्ले तपकिरी थर काढून टाकतात आणि खाली उघडे पडते ते कच्चे, गुलाबी-केशरी तांबे. नुकत्या घासलेल्या देवपूजेच्या तांब्याचा रंग आठवावा. जुन्या नाण्यावर तो रंग दिसला की ते साफ केलेले आहे.

अस्सल ताजा तांबूस रंग जिथे टिकलेला असतो तिथे तो अक्षरांच्या आडोशाला टिकतो आणि त्याच्याबरोबर फिरणारा लस्टरही असतो. घासलेल्या नाण्यात याच्या उलट, उघड्या जागा गुलाबी आणि आडोसे काळे असतात.

शिवराईच्या बाबतीत थोडे थांबून पाहावे लागते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली ही नाणी हाताने पाडलेली असल्याने ठसा बाजूला सरकलेला असतो, चकती वेडीवाकडी असते आणि लस्टरची अपेक्षाच करता येत नाही. इथे तपासायचा तो पृष्ठभागाचा पोत. शतकानुशतके हाताळलेली शिवराई गुळगुळीत, जवळजवळ तेलकट दिसते. आम्लात बुडवलेली शिवराई भिंगाखाली रवाळ, खडबडीत दिसते आणि तिच्यावर सुईच्या टोकाएवढे असंख्य खड्डे असतात. हा गुलाबी, रवाळ पृष्ठभाग लपवण्यासाठी मग तिला तेल, मेण किंवा बुटाचे काळे पॉलिश लावले जाते. शंका आल्यास, आणि मालकाची परवानगी असल्यास, कापसाच्या बोळ्याला थोडे अॅसिटोन लावून कडेपाशी अलगद टेकवावे. खरा थर जागचा हलत नाही, लावलेला रंग कापसावर येतो. अॅसिटोन चटकन पेट घेते, म्हणून हे काम हवेशीर जागी आणि समईपासून दूर करावे.

जमिनीतून निघालेल्या मराठा आणि मुघल काळातल्या चांदीच्या नाण्यांना वरचा कडक न्याय लावू नये. मातीचा आणि क्षारांचा थर काढल्याशिवाय ती वाचताच येत नाहीत, म्हणून त्यांची सौम्य, समंजस साफसफाई बाजाराने स्वीकारलेली आहे. तारेच्या ब्रशचे ओरखडे तिथेही दोषच ठरतात.

सातवी पायरी : कड

कडेकडे बहुतेक जण पाहतच नाहीत, आणि म्हणूनच ती सहसा खरे बोलते. रुपयाच्या कडेच्या उभ्या खाचांमध्ये जुनी काळवंड आणि दोन्ही बाजू मात्र लखलखीत असतील तर निष्कर्ष उघड आहे. पूर्वी रुपयांचे हार करत. त्यासाठी कडेला कडी डाखलेली असे. कडी काढून ती जागा कानशीने सारखी केली तरी तिथल्या खाचा बोथट किंवा नाहीशा झालेल्या असतात, आणि डाखाचा फिकट राखाडी डाग राहतो. काही रुपयांवर सोन्याचा मुलामा दिलेला असे. तो काढल्यावरही अक्षरांच्या पायथ्याशी पिवळी झाक उरते. अशा नाण्याची साफसफाई जवळजवळ नक्कीच झालेली असते, कारण डाख लावण्याआधी आणि नंतर सोनार नाणे आम्लात घालून उजळतो.

आठवी पायरी : चढवलेला रंग

घासलेले नाणे विकले जात नाही हे कळल्यावर काही जण त्यावर रंग चढवतात. गंधकाची संयुगे आणि उष्णता यांच्या मदतीने हे काही तासांत होते. असा रंग अक्षरांची उंची-खोली न जुमानता डागांसारखा पसरतो, भडक जांभळा-निळा असतो आणि दोन छटांमधले संक्रमण घाईचे असते. नव्याने केलेल्या कामाला कधी गंधकाचा वासही येतो. खात्री करण्याचा मार्ग पुन्हा तिसऱ्या पायरीकडे जातो : रंगाखालच्या रेघा शोधाव्यात. नैसर्गिक आणि कृत्रिम रंगाबाबत जाणकारांतही मतभेद होतात, त्यामुळे महाग नाण्यात शंका राहिली तर ते सोडून द्यावे.

खरेदी करताना

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या प्रदर्शनात नाणे हाती घेऊन दिव्याकडे कलते करण्याची मुभा मागावी. प्रामाणिक विक्रेत्याला त्यात काही गैर वाटत नाही. इंटरनेटवरून घेताना फोटोवर विसंबू नये, कारण पसरट उजेडातल्या फोटोत हेअरलाइन दिसतच नाहीत. एका दिव्याखाली नाणे फिरवत काढलेली दहा सेकंदांची चित्रफीत मागावी, तीही दोन्ही बाजूंची आणि कडेची. एनजीसी आणि पीसीजीएस या अमेरिकी संस्था नाणी तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात; साफ केलेल्या नाण्याला त्या साधारणतः अंकातला पूर्ण दर्जा न देता ‘डिटेल्स’ असा शेरा देतात. तो शेरा बारीक अक्षरांत असतो, म्हणून लेबल पूर्ण वाचावे.

साफ केलेले नाणे घेऊच नये असे नाही. 1939 चा रुपया दुर्मीळ आहे, आणि न घासलेला परवडत नसेल तर घासलेला योग्य कमी किमतीत घेणे हा शहाणपणाचाच व्यवहार आहे. घेतल्यावर ते जसे आहे तसेच ठेवावे. चिकट मळ असेल तर डिस्टिल्ड पाण्यात काही तास बुडवून, न चोळता, मऊ कापडावर टिपून कोरडे करावे. मऊ पीव्हीसीची पाकिटे वापरू नयेत, त्यांतून हिरवट चिकट थर नाण्यावर उतरतो. पाकिटावर साल, टांकसाळ, वजन यांबरोबर ‘साफ केलेले’ हे दोन शब्दही शाईने लिहून ठेवावेत. देव्हाऱ्यातल्या रुपयांपुरते सांगायचे तर, जे आधीच घासलेले आहेत तेच पूजेला ठेवावेत, आणि काळवंडलेला एखादा त्यांत सापडला तर तो दिवाळीआधीच बाजूला काढावा.